दहा महिने गर्दीत : नाशिकचे उत्सव प्रत्यक्ष पाहण्याचा अनुभव

गेली सहा-सात वर्षे आमच्या घरात नाशिकचा प्रत्येक मोठा उत्सव टीव्हीवर किंवा मोबाईलवरच पाहिला जात होता. गाडी लावायला जागा मिळत नाही, गर्दी सोसवत नाही, आईचे गुडघे दुखतात, ही कारणे खरीच होती. परंतु पंचवटीत लहानाचा मोठा झालेला मी इंदिरानगरला राहायला आल्यापासून काळारामाचा रथ पडद्यावर पाहतो, हे मनाला लागत होते. म्हणून यंदा पौषात ठरवले की दसऱ्यापर्यंत जमेल तितक्या ठिकाणी स्वतः जायचे आणि दर वेळी किती वेळ थांबावे लागले, सोहळा प्रत्यक्ष किती वेळ दिसला आणि घरी परतायला किती वेळ लागला, हे वहीत लिहून ठेवायचे.

वहीतली सर्वांत विषम नोंद रथोत्सवाची आहे. चैत्र शुद्ध एकादशीला, म्हणजे कामदा एकादशीला, काळाराम मंदिरापासून रामरथ आणि गरुडरथ निघतात. रामरथ गोदावरी ओलांडत नाही. गरुडरथ मात्र नदीपलीकडे जाऊन जुन्या नाशकातून फिरून येतो. मी आणि पत्नी दहीपुलाजवळ पावणेतीन तास उभे होतो आणि गरुडरथ आमच्यासमोरून चार मिनिटांत निघून गेला. केवळ आकडे पाहिले तर हा व्यवहार तोट्याचा ठरतो. मात्र त्या पावणेतीन तासांत समोरच्या घरातील बायकांनी दारात तीनदा पाणी शिंपडून रांगोळी काढली, कारण दोनदा ती गर्दीच्या पायांखाली पुसली गेली. एका दुकानदाराने ओट्यावरचे सामान आत घेऊन वृद्धांना बसायला जागा करून दिली. शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी आपण तालमीत असताना रथाचा दोर कसा ओढला, हे हाताचे तळवे दाखवत सांगितले. हे प्रक्षेपणात कधीच दिसत नाही, कारण कॅमेरा रथाबरोबर चालत असतो आणि वाट पाहणारी गल्ली त्याच्या चौकटीत येते ती रथ तेथे पोहोचल्यावरच. रथाकडे तोंड करून, हात जोडून, उलट्या पावली चालणारे मानकरी मी पडद्यावर अनेकदा पाहिले होते. नदीपलीकडे येण्याआधी रामरथाजवळ ते समोरून पाहिले तेव्हा दर काही पावलांनी मागच्या माणसांना मागे सरकताना केवढी काळजी घ्यावी लागते, हे प्रथमच लक्षात आले.

या नोंदीनंतर माझा प्रश्नच बदलला. सोहळा कसा होता यापेक्षा त्याची वाट पाहण्याचा वेळ कसा गेला, हे मी अधिक नीट लिहू लागलो.

रंगपंचमीची नोंद मी नंतर पुन्हा वाचली ती याच दृष्टीने. पेशवेकालीन रहाडी हे नाशिकचे वैशिष्ट्य आहे. जमिनीखालचे हे दगडी हौद वर्षभर लाकडी ओंडक्यांनी आणि मातीने झाकलेले असतात, त्यांच्यावरून वाहने जातात आणि रंगपंचमीला ते उघडून, पूजा करून रंगाने भरले जातात. तिवंधा चौकातून मी वीस वर्षे दुचाकी चालवली आहे, पण चाकाखाली काय आहे याचा विचार कधी केला नव्हता. तिवंध्याचा रंग पिवळा आणि शनी चौकाचा गुलाबी, हे बालपणापासून ऐकलेले. यंदा सुमारे तासभर थांबल्यावर तिवंध्याच्या रहाडीत उडी मारायला मिळाली. येथे तिला ‘धप्पा’ म्हणतात, आणि धप्पा असा मारायचा की कडेला उभे असलेले सगळे भिजले पाहिजेत. पाणी कोमट होते, त्याला फुलांचा उग्र वास होता आणि कानांच्या मागचा पिवळा रंग चार दिवस निघाला नाही. रहाडीला प्रेक्षक असा राहत नाही. कडेला उभा असलेला माणूसही धप्प्याने रंगतोच, म्हणून तेथला तासभर थांबण्याचा वेळही खेळातच जातो. जुलैत एका सहकाऱ्याला मी त्याचे चित्रीकरण दाखवले, तर त्याला पिवळ्या पाण्यात पडणारी माणसे एवढेच दिसले. त्यात त्याची चूक नव्हती.

याउलट एका मैदानावरील तिकीट काढून पाहिलेल्या संगीताच्या कार्यक्रमाबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. दोन तास कठड्यांमध्ये उभे राहिलो, शेजारचा प्रत्येक माणूस हातातील फोनकडे पाहत होता, आणि व्यासपीठ इतके दूर होते की कलाकार आम्ही मोठ्या पडद्यावरच पाहिले. तेवढ्यासाठी घराबाहेर पडण्याचे कारण नव्हते.

श्रावणातील तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरी डोंगराभोवतीची फेरी, म्हणजे प्रदक्षिणा, मला सर्वांत जास्त मानवली. आदल्या रात्री एसटीच्या जादा गाडीने त्र्यंबकेश्वरला गेलो आणि पावसात, चिखलात, अनोळखी माणसांच्या विजेरीच्या उजेडात चाललो. फेरीत थांबणे असे नसतेच, आपण स्वतःच सोहळा असतो. पौषातही निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघालेल्या एका दिंडीबरोबर सातपूरपासून आठ-नऊ किलोमीटर चाललो होतो, तेव्हाही हेच जाणवले होते. फक्त तेव्हा त्याला शब्द सापडले नव्हते.

गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलपथकांचे वादन भद्रकालीत जवळून ऐकले. नाशिक ढोलाचा ठोका छातीत उमटतो तो कोणत्याही ध्वनिमुद्रणात उमटत नाही, हे मान्य करतो. मात्र त्यामागून आलेल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतींमुळे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझे कान वाजत होते, आणि लहान मुलांना खांद्यावर घेऊन तेथे उभ्या असलेल्या पालकांना हात जोडून सांगावेसे वाटते की हे करू नका.

दहा महिन्यांत सर्वांत गंभीर वाटलेली बाब स्वच्छतागृहांची आहे. रथाच्या दिवशी पत्नीने दुपारपासून पाणी प्यायले नाही, कारण संध्याकाळी कोठे जायचे हा प्रश्न होता. चैत्रातल्या उन्हात हे धोक्याचे आहे. पुरुष या अडचणीचा उच्चारही करत नाहीत, मीही इतकी वर्षे केला नव्हता. उत्सव प्रत्यक्ष पाहण्यासारखा आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर घरातील स्त्रियांसाठी अनेकदा एवढ्या एकाच गोष्टीवर ठरते.

आईला घेऊन मी फक्त नवरात्रात कालिका देवीच्या यात्रेला गेलो. पहाटे साडेचारला पोहोचल्यामुळे रांगेत अर्धा तासच लागला, दर्शन शांतपणे झाले आणि येताना तिने नातवंडांसाठी लाकडी खेळणी निवडून घेतली. हीच यात्रा संध्याकाळी पाहिली असती, तर ती रांगेच्या मध्यावरून परत फिरली असती. वृद्धांना न्यायचे असेल तर दिवसापेक्षा वेळ निवडणे महत्त्वाचे आहे.

आता २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा जवळ येत आहे आणि आमच्या घरात त्याचीच चर्चा आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातील पर्वणीच्या, म्हणजे मुख्य स्नानाच्या, दिवशी नाशकात झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला, हे आमच्या पिढीतील पंचवटीकर विसरू शकत नाहीत. अरुंद, उताराच्या रस्त्यावर पुढचा माणूस थांबला आणि मागच्याला ते कळले नाही, तर अंगात बळ असून उपयोग होत नाही. हा दाब मी यंदा रथाच्या वेळी एका वळणावर क्षणभर अनुभवला आहे. म्हणून माझे मत असे की पर्वणीचे शाहीस्नान घरी बसूनच पाहावे. ध्वज चढल्यापासून उतरेपर्यंत वर्षाहून अधिक काळ सिंहस्थ असतो आणि रामकुंडावर साध्या वारी, सकाळी लवकर, निवांत स्नान करता येते. आईला हे सर्व सांगितले. ती म्हणाली, “बारा वर्षांनी येणाऱ्या पर्वणीला मी वार बघून जाऊ का रे?” यावर अजून माझ्याकडे उत्तर नाही, आणि तिने होकारही दिलेला नाही.