दुर्मिळ रोमन नाणे आणि बेताचे पैसे: तीन वाटांची तुलना

ट्राजान, अँटोनिनस पायस, कॉन्स्टंटाइन अशी सहज मिळणारी रोमन नाणी जमली की संग्राहकाला पुढे काहीतरी दुर्मिळ हवेसे वाटू लागते. वर्षाकाठी साधारण चाळीस हजार रुपये बाजूला काढू शकणाऱ्या माणसापुढे मग तीन वाटा असतात. अल्पकाळ गादीवर राहिलेल्या सम्राटाचे रोममध्ये पाडलेले चांदीचे नाणे झिजलेल्या अवस्थेत घ्यावे, ही पहिली. त्याच सम्राटाचे एखाद्या प्रांतातल्या टांकसाळीचे नाणे घ्यावे, ही दुसरी. चौथ्या शतकातल्या तांब्याच्या चिमुकल्या नाण्यांत दुर्मिळ व्यक्ती आणि दुर्मिळ टांकसाळी शोधाव्यात, ही तिसरी. मी या तिन्ही वाटांनी थोडाथोडा गेलो आहे आणि माझे मत तिसऱ्या वाटेकडे झुकते, पण त्याची कारणे आधी सांगायला हवीत.

दुर्मिळपणा आणि किंमत यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नसतो. इसवी सन 193 मध्ये पर्टिनॅक्स 87 दिवस सम्राट होता. 270 मध्ये गादीवर आलेल्या क्विंटिलसची कारकीर्द काही प्राचीन लेखकांनी 17 दिवसांची, तर काहींनी 77 दिवसांची सांगितली आहे, म्हणजे कोणाचाही शब्द मानला तरी ती पर्टिनॅक्सपेक्षा लहानच ठरते. असे असूनही क्विंटिलसचे नाणे नवशिक्यालाही परवडते, आणि पर्टिनॅक्सचा डेनारियस, म्हणजे रोमचे नेहमीचे चांदीचे नाणे, आपल्या वर्षभराच्या रकमेत मिळालाच तर तो बराच झिजलेला असतो. याचे कारण टांकसाळीत आहे. कॅराकॅलाने 215 मध्ये सुरू केलेल्या अँटोनिनियानस या नाण्यात 270 पर्यंत चांदी जेमतेम नावापुरती उरली होती आणि अशी नाणी ढिगाने पाडली जात होती. पर्टिनॅक्सने मात्र डेनारियसमधील चांदीचे प्रमाण उलट वाढवले होते, आणि त्याच्या टांकसाळीला मिळाले तीनच महिने.

किंमत ठरवणारी दुसरी गोष्ट म्हणजे मागणी. 69 सालचा ओथो जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत सम्राट होता. सुएटोनियसने ज्या बारा सीझरांची चरित्रे लिहिली त्यांत ओथो येतो, त्यामुळे बारा जणांचा संच पुरा करू पाहणाऱ्या प्रत्येक संग्राहकाला त्याचे नाणे हवे असते. त्यातच रोमच्या टांकसाळीने त्याची सोन्याचांदीची नाणी पाडली, तांब्या-पितळेची पाडलीच नाहीत. साहजिकच सगळी गर्दी त्याच्या डेनारियसवर लोटते.

पहिल्या वाटेचे बळ आणि तिची अडचण दोन्ही ओथोच्या या डेनारियसमध्ये दिसतात. सुएटोनियस म्हणतो की ओथो केसांचा टोप घालत असे, आणि चांगल्या नाण्यावर त्या टोपाच्या ओळीने बसवलेल्या बटा खरोखरच दिसतात. झिजलेल्या नाण्यावर नेमक्या त्याच बटा आधी जातात. मग हातात उरतो चेहऱ्याचा उंचवटा आणि नावाची चार अक्षरे. ज्याला नावापुरते नाणे हवे आहे त्याने ते अवश्य घ्यावे, मात्र नाव वाचता येत नसेल तर घेऊ नये, कारण नावाशिवाय पुढे ते विकताही येत नाही. धोकाही याच वाटेवर सर्वांत मोठा आहे. दुर्मिळ सम्राटांच्या चांदीच्या नाण्यांच्या आधुनिक नकला सर्वांत जास्त होतात, आणि त्याखेरीज रोमन काळातच तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवून केलेली खोटी नाणीही बाजारात येतात. अशी नाणी बहुधा वजनाला कमी भरतात, आणि कडेला भिंग लावले तर पत्रा फाटलेल्या जागी हिरवट तांबे डोकावते. ही प्राचीन खोटी नाणी स्वस्तात मिळतात आणि संग्राह्यही असतात. विकणाऱ्याने ती तशी आहेत असे स्पष्ट सांगितलेले असावे, इतकेच.

दुसऱ्या वाटेने तोच ओथो कमी पैशांत भेटतो. इजिप्तमध्ये रोमन काळातही स्वतंत्र चलन होते, आणि अलेक्झांड्रियाच्या टांकसाळीत टेट्राड्राख्म नावाचे हिणकस चांदीचे नाणे पाडले जाई, ज्यावर लेख ग्रीक भाषेत आणि सम्राटाच्या कारकिर्दीचे वर्ष ग्रीक अक्षरांत असे. ओथोचे असे टेट्राड्राख्म त्याच्या डेनारियसपेक्षा संख्येने जास्त आहेत असे मुळीच नाही, पण संच पुरा करणारे लोक लॅटिन लेखाचे रोमचे नाणे मागतात, म्हणून हे नाणे बहुतेक वेळा बऱ्याच कमी भावाला सुटते. सीरियातल्या अँटिओकची त्याची तांब्याची नाणीही अशीच दुर्लक्षित राहतात. रोमविरुद्ध बंड करणाऱ्या पाल्मिराच्या राणी झेनोबियाचे नाणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, पण तिचा मुलगा व्हाबालाथस एका बाजूला आणि सम्राट ऑरेलियन दुसऱ्या बाजूला असलेले अँटिओकचे अँटोनिनियानस मिळू शकते, आणि त्या बंडाची सगळी संदिग्धता त्या एका नाण्यावर उमटलेली आहे. या वाटेची किंमत अभ्यासात मोजावी लागते. ग्रीक लेख वाचायला शिकावे लागते आणि टेट्राड्राख्मचा ओबडधोबडपणा सर्वांना रुचत नाही. ऑक्सफर्डमधून चालणारी प्रांतीय नाण्यांची ऑनलाइन सूची मात्र विनामूल्य खुली आहे, त्यामुळे अभ्यासाला वेगळा खर्च नाही.

आता तिसरी वाट. माझ्याकडे डेल्माटिअसचे एक नाणे आहे. वजन दीड ग्रॅम, व्यास आपल्या करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा. मागच्या बाजूला दोन सैनिक आणि त्यांच्यामध्ये एक ध्वज, आणि खाली थेसालोनिकीच्या टांकसाळीची खूण. कॉन्स्टंटाइनचा हा पुतण्या 335 मध्ये सीझर, म्हणजे कनिष्ठ सम्राट, झाला आणि 337 मध्ये काका वारल्यावर सैनिकांनी त्याला मारले. हुबेहूब असेच दोन सैनिक कॉन्स्टंटाइनच्या मुलांच्या अगणित नाण्यांवर आहेत, त्यामुळे लेखातले नाव न वाचणारा माणूस ते बाजूला सारतो. डेल्माटिअसचा भाऊ हॅनिबॅलिएनस याची नाणी मात्र फक्त कॉन्स्टँटिनोपलला पाडली गेली आणि ती बरीच महाग आहेत. कॉन्स्टंटाइनची पत्नी फाउस्टा हिला 324 मध्ये ऑगस्टा हा सम्राज्ञीचा किताब मिळाला आणि 326 मध्ये मारली गेली. ऑगस्टा म्हणून तिची नाणी त्या दोन वर्षांतलीच, तरी एखादे बरे नाणे आपल्या वार्षिक रकमेच्या छोट्या भागात येते.

व्यक्तींप्रमाणेच टांकसाळींचेही आहे. मागच्या बाजूला लष्करी छावणीचा दरवाजा असलेली नाणी हजारोंनी मिळतात, पण 325 च्या सुमारास बंद झालेल्या लंडनच्या टांकसाळीची खूण असलेली त्यांत थोडी आणि फ्रान्समधल्या आर्लची उघड्या कवाडांची त्याहून मोजकी. येथे एक सावधगिरी हवी. ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ या प्रमाणभूत सूचीच्या सातव्या खंडात आर-पाच या दुर्मिळतेच्या शेऱ्याचा अर्थ संकलकाला एकच नमुना ठाऊक होता असा आहे. तो खंड 1966 सालचा आहे, आणि त्यानंतर जमिनीतून निघालेल्या नाण्यांची त्यात गणती नाही. शिवाय टांकसाळीच्या खुणेतील एका ठिपक्याच्या फरकालाही तेथे वेगळा क्रमांक मिळतो. तेव्हा केवळ आर-पाच या शेऱ्यासाठी जादा पैसे देऊ नयेत, आधी जुन्या लिलावांची नोंद तपासावी.

न साफ केलेल्या नाण्यांच्या पिशव्या हा चौथा पर्याय म्हणून सुचवला जातो. मी तो सुचवणार नाही, कारण त्यांतली चांगली नाणी आधीच वेचून घेतलेली असतात आणि उरलेली बहुधा बेकायदा उकरलेल्या जागांतून येतात.

महाराष्ट्रात राहणाऱ्या संग्राहकाने कायद्याचा विचार पैशांइतकाच करावा. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. लंडनच्या लिलावातून मागवलेले नाणे पुढे लंडनमध्येच विकू, हा हिशेब येथे चालत नाही. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये असलेल्या मराठी संग्राहकाला परत विकण्याची वाट मोकळी असते, म्हणून पर्टिनॅक्सच्या डेनारियसमध्ये वर्षभराची रक्कम अडकवणे त्याला परवडू शकते. पुण्यातल्या किंवा नाशिकच्या माणसाला मी तो सल्ला देणार नाही. त्यातच अंतिम बोलीवर लिलावगृहाचे साधारण पंचमांशाच्या आसपासचे शुल्क, टपालखर्च आणि सीमाशुल्क चढते, आणि चाळीस हजारांतले हातात येणारे नाणे प्रत्यक्षात तीस हजारांच्याही आतले असते.

म्हणून पहिल्या वर्षी डेल्माटिअस आणि फाउस्टा घ्यावेत, शक्य झाल्यास लंडनच्या खुणेचा एक दरवाजा त्यांत जोडावा, आणि याच काळात ग्रीक अक्षरे ओळखायला शिकावीत. दुसऱ्या वर्षाची सगळी रक्कम ओथोच्या अलेक्झांड्रियाच्या टेट्राड्राख्मसाठी राखून ठेवावी. ते घेताना चेहरा असलेल्या बाजूला वर्षाची खूण आणि तिच्याशेजारचा अल्फा, म्हणजे एकचा आकडा, शाबूत आहे का हे भिंगाखाली पाहावे. त्याच्या नाण्यांवर पहिल्याखेरीज दुसरे वर्ष येतच नाही.