शैक्षणिक कर्ज: वीस हप्त्यांनंतरचा अनुभव, आणि एका टक्क्याची गोष्ट

परवा फेब्रुवारी २०२६ चा हप्ता कापला गेला. हा विसावा. बाकी आता ३ लाख २० हजारांच्या घरात आली आहे. वीस हप्ते झाले की सविस्तर लिहायचं असं कधीचं ठरवलं होतं. दहाव्या हप्त्याला लिहिलं असतं तर नुसता राग उतरला असता. आता राग बराच कमी झालाय, पण एका मुद्द्यावर तो अजून तसाच आहे आणि तो मुद्दा मी सोडणार नाही.

आमचं घर कोरेगाव तालुक्यातलं, सातारा जिल्हा. अण्णा साखर कारखान्यात लिपिक, घराला लागून पिठाची गिरणी, ती आई बघते. २०१९ ला कॅप राउंडमधून पुण्याच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला. फी, वसतिगृह, मेस मिळून वर्षाचा खर्च १ लाख ८० हजारांवर जात होता. कर्ज मुद्दाम ४ लाखांचंच घेतलं, दरवर्षी १ लाख. कारण ४ लाखांपर्यंत तारण नाही, तिसरा जामीनदार नाही, आणि मार्जिन म्हणून स्वतःचा हिस्साही दाखवावा लागत नाही. अण्णा सहकर्जदार. बँक सरकारी, शाखा तालुक्याच्या गावची. मंजुरीच्या वेळी दर १० टक्के होता, त्यात मुलगी म्हणून अर्धा टक्का कमी केलेला होता.

उरलेल्या खर्चाला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्याने शिक्षण शुल्काचा निम्मा भार शासनाचा. माझं शिक्षण शुल्क १ लाख ६ हजार, म्हणजे वर्षाला ५३ हजार परत. महाडीबीटीवरचा (शासनाचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) अर्ज, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, कॉलेजच्या क्लार्ककडून पडताळणी, त्रुटी निघाली की अर्ज परत, हे भरणाऱ्या सगळ्यांना पाठ आहे. एवढंच सांगते की हे पैसे येतात, पण फीच्या तारखेला येत नाहीत. माझ्या पहिल्या वर्षाचा पहिला हप्ता दुसरं वर्ष सुरू झाल्यावर आला, तोही ज्या खात्याची वाट बघत होते त्यात आला नाही. बारावीत असताना उघडलेल्या दुसऱ्याच एका खात्याला आधार शेवटचं जोडलेलं होतं, थेट खात्यात येणारी (डीबीटीची) रक्कम तिथे जाऊन बसली. तीन आठवडे आम्ही पैसे बुडाले असं समजून होतो. अर्ज भरण्याआधी आधार कोणत्या खात्याला जोडलेलं आहे ते बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

केंद्राची व्याज अनुदान योजना मात्र आमच्या हाताला लागली नाही. तिथे कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत लागतं. आमचा दाखला ५ लाख १० हजारांचा. साठ हजारांनी हुकलं. ज्यांचं बसतं आणि कॉलेजही योजनेच्या अटीत बसतं, त्यांचं शिकतानाचं आणि मोरॅटोरियमचं, म्हणजे कोर्स संपल्यावरच्या बिनहप्त्याच्या वर्षाचं, सगळं व्याज सरकार भरतं. त्यांनी माझा पुढचा हिशेब सोडून दिला तरी चालेल. बाकीच्यांनी नीट वाचा.

शैक्षणिक कर्जात कोर्स संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, त्यामुळे बहुतेकांना वाटतं तोवर काहीच करायचं नाही. पण पहिला चेक कॉलेजला गेला त्या दिवसापासून व्याज लागतं. सरळव्याज लागतं, चक्रवाढ नाही, हे खरं. पण मोरॅटोरियम संपला की साचलेलं सगळं व्याज मुद्दलात मिसळतं आणि हप्ता त्या मोठ्या रकमेवर बांधला जातो. माझेच आकडे घ्या. दर मध्ये कोविडात उतरला आणि नंतर चढला, पण सोपं जावं म्हणून सरसकट १० टक्के धरते. पहिल्या वर्षी १० हजार व्याज, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४०, मोरॅटोरियमच्या वर्षी आणखी ४०. एकूण १ लाख ४० हजार. काहीच भरलं नसतं तर जुलै २०२४ ला माझं कर्ज ५ लाख ४० हजारांपासून सुरू झालं असतं आणि सात वर्षांचा हप्ता ८,९६५ च्या आसपास बसला असता. व्याज भरत गेल्यामुळे तो ४ लाखांवर ६,६४० बसला. महिन्याला २,३०० चा फरक, चौऱ्याऐंशी महिने. म्हणजे १ लाख ४० हजार आज भरले नाहीत तर पुढे १ लाख ९५ हजार भरायचे.

हे गणित मी तेव्हा केलं नव्हतं. अण्णांनी केलं होतं, तेही कागदावर नाही. त्यांना डोक्यावर व्याज राहिलेलं झोप देत नाही, एवढंच. पहिल्या वर्षी महिन्याला ८३३, मग १,६६७, मग २,५००, शेवटी ३,३३३. कारखान्याचा पगार दोन-दोन महिने लांबायचा, म्हणून हे पैसे गिरणीतून निघायचे. आई रोजच्या दळणाच्या पैशातून वेगळे काढून डब्यात टाकायची. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अण्णा अकरा किलोमीटर जाऊन काउंटरवर भरायचे आणि शिक्क्याची पावती आणून गिरणीतल्या बिलांच्या तारेला लावायचे. मोबाइलवरून भरता येतं हे मी २०२२ मध्ये शिकवलं. शिकले, पण भरायला शाखेतच गेले.

यात आमचा आणखी एक हेतू होता. मंजुरीपत्राच्या चौथ्या पानावर एक ओळ आहे: अभ्यासक्रमाच्या आणि मोरॅटोरियमच्या काळात व्याज लागेल तेव्हाचं तेव्हा भरल्यास कर्जाच्या पूर्ण मुदतीसाठी व्याजदरात १ टक्का सूट. सही करताना त्या वेळच्या साहेबांनी या ओळीवर बोट ठेवून अण्णांना सांगितलं होतं, "हे जमवा, मुलीचा फायदा आहे." अण्णांनी पाच वर्षं जमवलं.

जुलै २०२४ ला हप्त्याचं पत्र आलं. दर १० टक्के, हप्ता ६,६४०. सूट धरली असती तर दर ९ आणि हप्ता ६,४३६ आला असता. मी शाखेत गेले. नव्या साहेबांनी संगणकावर बघून सांगितलं की एप्रिल आणि मे २०२० चं व्याज वेळेत भरलेलं नाही, खंड पडला, सूट गेली.

एप्रिल आणि मे २०२०. पैसे डब्यात होते. दळण अत्यावश्यक म्हणून सकाळची गिरणी चालू होती. पण एसटी बंद, गावाच्या वेशीवर अडसर टाकलेला, तालुक्याला जायला पास लागायचा आणि अण्णांना तो मिळाला नाही. जूनमध्ये रस्ता मोकळा झाल्यावर पहिल्या दिवशी जाऊन त्यांनी तीन महिन्यांचं एकदम भरलं. राहिलेली रक्कम होती १,६६७ रुपये. अठ्ठावन्न महिन्यांत तेवढे दोनच महिने. तारेवर छप्पन्न पावत्या आहेत, मी एकेक काढून मोजल्या.

खरं तर याचं उत्तर रिझर्व्ह बँकेने तेव्हाच दिलेलं होतं. २७ मार्च २०२० च्या परिपत्रकात १ मार्च ते ३१ मे दरम्यान येणारे मुदत कर्जांचे हप्ते पुढे ढकलायची परवानगी बँकांना मिळाली, आणि हप्ता म्हणजे मुद्दल किंवा व्याज, दोन्ही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. पुढे ती मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. ज्या महिन्यांत देशभरातल्या कर्जदारांना न भरण्याची मुभा होती, त्याच दोन महिन्यांचा खंड माझ्या वडिलांच्या नावावर लावला गेला. मला हे सहनच होईना.

पैशात बोलायचं तर १ टक्का म्हणजे महिन्याला २०४ रुपये, सात वर्षांत १७ हजारांच्या आसपास. कंपनीतल्या मैत्रिणी म्हणाल्या, सोड ना, तेवढ्यासाठी रजा टाकतेस. मी चार रजा टाकल्या. १७ हजार माझ्यासाठी लहान नाहीत, पण ते शून्य असते तरी मी गेले असते. पाच वर्षांच्या पावत्यांवर कुणी "खंड" लिहावं हे मला मान्य नव्हतं.

ज्यांना असं भांडायचंय त्यांच्यासाठी क्रम सांगते. आधी शाखेत लेखी अर्ज दिला, पोचवर शिक्का घेतला. दोन महिने काहीच नाही. मग बँकेच्या तक्रार विभागाला मेल, सोबत मंजुरीपत्राचं चौथं पान, पावत्यांचे फोटो आणि परिपत्रक. नोव्हेंबर २०२० मध्ये खात्यात शंभरावर काही रुपये जमा झाले होते, कोविडातल्या त्या मुदतवाढीच्या काळातल्या व्याजावरच्या व्याजाच्या परताव्याचे. तेही मी पुरावा म्हणून जोडले, पण ती रक्कम हप्ते भरलेल्यांनाही मिळाली होती, त्यामुळे तो पुरावा टिकला नाही. जे टिकलं ते सापडलं अण्णांच्या जुन्या बटणाच्या फोनमध्ये: एप्रिल २०२० चा बँकेचाच एसएमएस. मुदतवाढ नको असेल तरच कळवा, असा. अण्णांनी काही कळवलं नव्हतं, म्हणजे ती त्यांना मिळालेली होती. त्या फोनचा चार्जर मिळवायला मला साताऱ्यात तीन दुकानं फिरावी लागली.

तक्रार विभागाकडून तीस दिवसांत उत्तर आलं नाही, म्हणून मार्च २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली. फी नाही, वकील लागत नाही, पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते आणि तिला तीस दिवस द्यावे लागतात. तिथून बँकेकडे विचारणा गेली आणि पुढची चक्रं हलली. जुलै २०२५ मध्ये पत्र आलं: सूट पहिल्या हप्त्यापासून लागू. वर्षभराचा फरक, साधारण ३,८०० रुपये, कर्जखात्यात जमा. शाखेतल्या नव्या मॅनेजर मॅडमनी स्वतः फोन करून अण्णांना सांगितलं.

इथपर्यंत लिहून थांबले असते तर हा अनुभव कडूच वाटला असता. पण मध्यंतरी माझं एक मत बदललं. भांडण चालू असताना एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून मी ऑक्टोबर २०२४ मध्ये कर्ज एमसीएलआरवरून (बँकेचा स्वतःचा दर) रेपो दराला (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) जोडून घेतलं. माझं कर्ज ऑगस्ट २०१९ चं, ऑक्टोबर २०१९ पासूनची नवी कर्जं मुळातच रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात. जुन्यांना बदल मागून घ्यावा लागतो. एक अर्ज आणि थोडंसं कागदपत्रांचं शुल्क, एवढंच. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला, तसा माझा दर १० वरून पावणेनऊवर उतरला, आणि एक टक्क्याची सूट धरून पावणेआठवर. ज्या बँकेशी मी वर्षभर भांडत होते, तिनेच हे सव्वा टक्का न मागता, दर तिमाहीच्या फेरबदलात वेळच्या वेळी उतरवले. हप्ता कमी करून घेतला नाही, ६,६४० च ठेवला आणि मुदत घटवून मागितली. आताच्या हिशेबाने सहा हप्ते कमी भरावे लागतील. हप्ता घटवायचा की मुदत हे बँकेने विचारायला हवं. विचारलं नाही तर आपण सांगावं.

म्हणजे टक्क्यांत बघितलं तर एका अर्जाने एक टक्क्याच्या भांडणापेक्षा जास्त मिळवून दिलं. हे मान्य करते. आज कुणी विचारलं तर आधी रेपोचं बघ असंच सांगेन.

आयकराच्या ८०ई ची मला काही मदत झाली नाही. भरलेल्या व्याजाची वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते आणि माझ्या पगाराला नव्या पद्धतीत तसाही कर बसत नाही. मुदतीआधी पैसे भरण्यावर दंड नाही, दिवाळीचा बोनस मी सरळ मुद्दलात टाकणार आहे.

धाकटीने २०२५ ला कराडला प्रवेश घेतला. तिची परिस्थिती माझ्यापेक्षा बरी आहे, कारण जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांच्या आतल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास प्रवर्गांतल्या मुलींना निम्म्याऐवजी पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळतं. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेची तीन टक्के व्याज सवलतही आम्ही पाहिली. पण दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा लाभ मिळत असेल तर ती मिळत नाही, आणि पूर्ण शुल्क माफ होत असताना तिच्यामागे लागण्यात अर्थ नव्हता. वसतिगृह आणि मेससाठी मात्र वर्षाला ५० हजारांचं कर्ज घ्यावं लागलं, त्याच शाखेतून. अण्णा म्हणाले, "दुसरीकडे कशाला? इथल्यांना आता आपण माहीत आहोत."

मंजुरीपत्र आलं तेव्हा मी सोबत गेले होते. एक टक्क्याची ओळ त्यातही होती. मॅडमना म्हटलं, "लागेल तेव्हाचं तेव्हा" म्हणजे किती दिवसांत, ते लिहून द्या. आधी त्या म्हणाल्या की असं लिहून द्यायची पद्धत नाही. मग अण्णांकडे बघून त्यांनी वेगळ्या कागदावर लिहिलं: व्याज आकारल्यापासून तीस दिवसांत. खाली सही आणि शिक्का. तो कागद मी प्लास्टिकमध्ये घालून घरच्या कपाटात ठेवलाय, त्याच्या दोन झेरॉक्स माझ्याकडे पुण्यात आहेत. धाकटीचं पहिलं व्याज सप्टेंबरात ३७५ रुपये लागलं. अण्णांनी ते दुसऱ्याच दिवशी भरलं, काउंटरवर.