लिंबू, सोलं की व्हिनेगर? कुठल्या पदार्थात काय घालायचं

पुण्याहून पर्वरीला राहायला आलेल्या मावसबहिणीने परवा फोन करून विचारलं की तुम्ही गोव्यात आंबट म्हटलं की सगळ्यात सोलंच (कोकमाची वाळवलेली सालं) घालता का गं, माझ्या फ्रीजमध्ये बारा महिने लिंबू असतं, तेच चालेल ना? अर्धा तास बोलूनही बरंच राहून गेलं म्हणून नीट लिहून काढते, कारण इकडे नवीन आलेल्या बऱ्याच जणींना हा प्रश्न पडतो आणि चुकीचं आंबट पडलं की एवढं महागाचं इसवण (सुरमई) फुकट जातं.

माझा हिशोब असा की लिंबू हे गॅस बंद केल्यावरचं आंबट, सोलं नि चिंच उकळत्या रश्शातलं, आणि माडाचं (माडीपासून केलेलं) व्हिनेगर मुरवण्याचं. लिंबाची खरी मजा त्याच्या वासात असते आणि तो वास उकळला की उडून जातो, क सत्त्वही बरंचसं जातं, मागे नुसता आंबटपणा राहतो आणि वर थोडी कडवट झाक येते. मी एकदा घरात सोलं नव्हती म्हणून बांगड्याच्या हुमणात (नारळ वाटून केलेल्या आमटीत) तीन लिंबं पिळून चांगलं उकळलं होतं, ते हुमण कोणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. हुमणात पडणाऱ्या तिरफळाच्या (एक सुगंधी मसाला) वासाला सोलांचा जड, खोल आंबटपणाच लागतो, चार माणसांच्या हुमणाला पाच-सहा सोलं पुरतात आणि ती कितीही उकळली तरी बिघडत नाहीत. सोलकढीत तर लिंबाचा विचारच नको, तिथे सोलं नाहीतर आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस.

तळायच्या मासळीला मात्र लिंबू आणि आगळ दोन्ही चालतं, फक्त वेळ वेगळा. लिंबू लावलं तर मीठ-हळद-तिखटाबरोबर 10-15 मिनिटंच ठेवायचं, कारण लिंबाच्या आम्लाने मासळीचं मांस तव्यावर जायच्या आधीच पांढरं आणि घट्ट व्हायला लागतं, तासभर ठेवलेली सुंगटं (कोळंबी) मग रबरासारखी लागतात. मी स्वतः आगळ लावते आणि लिंबाची फोड ताटात ठेवते, रवा लावून तळलेल्या इसवणावर ती गरम असतानाच पिळायची, यापेक्षा लिंबाचा चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

रेशादचा मसाला (मासळीत भरायचं लाल वाटण) आणि विंदालू (मांसाचा आंबट-तिखट रस्सा) यांना लिंबू अजिबात नको. विंदालू हे नावच पोर्तुगीज भाषेतून आलंय, त्यात वाईन किंवा व्हिनेगर आणि लसूण हाच अर्थ आहे, आणि व्हिनेगरमुळेच ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. व्हिनेगरमध्ये वाटलेला रेशाद फ्रीजमध्ये आठवडेच्या आठवडे राहतो, लिंबाचा रस घालून वाटला तर वास शिळा व्हायला लागतो. काफ्रियालमध्ये (हिरव्या वाटणातलं चिकन) मात्र निवड खरोखर तुमची, हिरव्या वाटणात लिंबू घातलं तर चव ताजी लागते, व्हिनेगर घातलं तर मुरलेली, मला लिंबाचंच आवडतं कारण कोथिंबिरीशी ते जमतं.

शाकाहारी तिखटामिठाच्या पदार्थांचं फार सांगायला नको. पोहे, उपमा, लिंबू भात, सगळ्यात रस शेवटी, आणि भाताला तर जरा वाफ गेल्यावरच.

आता गोडाकडे येते, कारण इथे सोलं आणि व्हिनेगर दोघंही मागे पडतात आणि लिंबू एकटं राज्य करतं. साखरेच्या पाकात लिंबाचे चार थेंब का घालतात हे मला आईने कधी सांगितलं नव्हतं, नुसतं घाल म्हणायची. आम्लामुळे गरम पाकातली थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, म्हणून पाक परत दाणेदार होत नाही, गुलाबजामच्या वाडग्याच्या तळाला खडीसाखर जमत नाही. साखरभातातही तेच, शिवाय तुपाचा गोडमिट्टपणा जरा तुटतो. पेराड (पेरूची वडी) करताना पेरूच्या गरात लिंबू घालतात ते याच्यासाठीही आणि पेरूतलं पेक्टिन नीट धरावं म्हणूनही, आम्ल कमी पडलं तर वडी चिकटच राहते. घरी छेना काढायचा तर एक लिटर दुधाला साधारण दोन कागदी लिंबांचा रस थोड्या पाण्यात मिसळून हळूहळू घालायचा, आणि दूध फाटलं की थांबायचं, नाहीतर छेना कडक होतो. व्हिनेगरनेही दूध फाटतं पण छेना दोनदा धुतला तरी रसगुल्ल्याला वास राहतो. उलट जी खीर फाटायला नको तिच्यात लिंबू चुकूनही नाही.

केक किंवा लेमन कर्ड करणार असाल तर हिरवं की पिवळं हेही ठरवावं लागतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ढीग लावून मिळतं ते कागदी लिंबू, पातळ सालीचं, रस झणझणीत आंबट. सुपरमार्केटमधलं मोठं पिवळं लिंबू रसाला सौम्य आणि सालीला सुगंधी, एका पिवळ्याचा रस म्हणजे साधारण दोन-तीन कागदी. कर्डला मी कागदीच घेते, दोन अंडी, शंभर ग्रॅम साखर, चार लिंबांचा रस आणि साठ ग्रॅम लोणी, स्टीलचं भांडं उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवून चमच्याला लेप बसेपर्यंत ढवळायचं, अॅल्युमिनियम नको, त्याची चव उतरते. केकला मात्र किसलेल्या सालीचं काम असतं म्हणून पिवळं परवडत असेल तर घ्या, त्यावर मेण लावलेलं असू शकतं तेव्हा कोमट पाण्यात चोळून धुवा. कागदीची साल किसताना हात एकदम हलका ठेवायचा, हिरवा थर गेला की खालचं पांढरं लगेच लागतं आणि ते कडू असतं.

बाटलीतला तयार रस घ्यायचा का असंही मावसबहिणीने विचारलं होतं. नको. आंबट असतो पण वास नसतो, आणि गोडात तर वासच हवा असतो. त्यापेक्षा उन्हाळ्यात लिंबू महागायच्या आधी रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा, सालं किसून वेगळी, एप्रिल-मेमध्ये उराक (काजूची ताजी दारू) प्यायला पाहुणे आले की त्या ग्लासात मीठ आणि हिरव्या मिरचीबरोबर टाकायला तेच खडे हाताशी येतात.