घरचा एडीएस-बी रिसीव्हर: विमानवेड्यांनी घ्यावा का?

ट्रॅकिंग ॲपवर एखादं विमान लाल झालं, स्क्वॉक, म्हणजे विमान पाठवतं तो चार अंकी कोड, ७७०० दिसला, की आमच्या विमानवेड्यांच्या गटात कुणीतरी लगेच 'इंजिनाला आग' असं लिहितं आणि तेच पुढे फिरत राहतं. मला याचा मनापासून त्रास होतो. विमानात माणसं बसलेली असतात, त्यांचे घरचे हे वाचत असतात. ७७०० म्हणजे वैमानिकाने आणीबाणी जाहीर केली, एवढंच. प्रवाशाची तब्येत बिघडली असेल, केबिनचा दाब गेला असेल, काहीही असू शकतं.

दुसऱ्याच्या स्क्रीनशॉटवर विसंबायचं नाही, या एका हट्टापायी मी घरी स्वतःचा एडीएस-बी रिसीव्हर, म्हणजे विमानं स्वतःहून पाठवतात ते रेडिओ संदेश पकडणारं यंत्र, बसवला. बोटभर लांबीचा यूएसबी डोंगल, एक अँटेना आणि रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक, झालं. विमानातला ट्रान्सपाँडर हा रेडिओ संच १०९० मेगाहर्ट्झवर आपली ओळख, जागा, उंची आणि वेग सतत सांगत असतो. हवेत असताना जागा सेकंदाला साधारण दोनदा. एक संदेश ११२ बिटांचा, हवेत असतो तो जेमतेम १२० मायक्रोसेकंद. आणि हे सगळं पकडणारी आरटीएल२८३२यू ही चिप मुळात डिजिटल टीव्हीसाठी बनलेली! तिच्यातून कच्चा रेडिओ सिग्नल बाहेर काढता येतो हे २०१२ च्या सुमारास हौशी लोकांनी शोधलं, पाठोपाठ साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी हे संदेश वाचणारा डंप१०९० हा मोफत प्रोग्रॅम लिहिला, आणि मग हे काम कुणालाही जमण्यासारखं झालं. त्या लोकांचे खरोखर उपकार आहेत.

डोंगल कुठलाही चांगला घ्या, बहुतेकांत चिप तीच. जीव ओतायचा तो अँटेनावर. माझ्या डोंगलसोबत आलेली चुंबकाच्या बुडाची अँटेना या कामाची नाही, ती टीव्हीच्या मापाची लांबडी आहे. १०९० मेगाहर्ट्झची लहर साडेसत्तावीस सेंटिमीटरची, म्हणजे पाव लहरीची तार ६.९ सेंटिमीटरच्या आसपास बसते. तेवढी तार नीट मोजून कापली आणि बुडाशी धातूचा पत्रा दिला, की चित्रच पालटतं. ती खिडकीतून उचलून गच्चीवर नेली तर आणखी फरक पडतो, कारण हा सिग्नल सरळ रेषेत जातो. ३८ हजार फुटांवरचं विमान, मध्ये काही आड येत नसेल तर, ४०० किलोमीटरच्या पलीकडूनही दिसतं. तेच ३ हजार फुटांवर उतरलं की सव्वाशे किलोमीटरच्या पुढे क्षितिजाखाली जातं.

'विमान रडारवरून गायब' या बातमीमागे पुष्कळदा हेच असतं. एका रात्री गटात अशीच घबराट उडाली. मी माझ्याकडच्या शेवटच्या ओळी काढून बघितल्या: उंची २२०० फूट, उतरण्याचा वेग मिनिटाला ७०० फुटांच्या आसपास, जमिनीवरचा वेग १४० नॉट, दिशा धावपट्टीच्या रेषेत. शेवटचे संदेश अडखळत आलेले, एखादा मध्येच गळलेला, पण आकडे कुठेच हललेले नाहीत. उतरण्याच्या नेहमीच्या तीन अंशांच्या उतारावर येणारं विमान अगदी असंच दिसतं. माझ्याकडून त्या दिशेला इमारती आड येतात, म्हणून पुढचं काही आलं नाही. मी त्या ओळी गटात टाकल्या, आणि थोड्याच वेळात विमान गेटला लागल्याचं दिसलं.

उंचीच्या आकड्याबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. संदेशात येणारी नेहमीची उंची ही १०१३.२५ हेक्टोपास्कल हा प्रमाण दाब धरून काढलेली असते, जमिनीपासून मोजलेली नसते. १२ जून २०२५ ला अहमदाबादहून उडालेलं एअर इंडियाचं १७१ कोसळलं, तेव्हा शेवटचा संदेश ६२५ फुटांचा होता आणि विमान जमिनीपासून ६२५ फूट चढल्याचं जो तो सांगू लागला. तो विमानतळच समुद्रसपाटीपासून सुमारे २०० फुटांवर आहे, शिवाय त्या वेळचा हवेचा दाब धरल्याशिवाय त्या आकड्यावरून काही म्हणता येत नाही. धावपट्टी पूर्ण वापरलीच नाही, असंही पसरलं होतं. जमिनीलगतचे संदेश सुरुवातीला अपुरे होते. जास्तीची माहिती तपासल्यावर विमान आधी धावपट्टीवरूनच चालत तिच्या टोकाला गेलं, तिथे वळलं आणि पूर्ण लांबीवरून उडालं, असं फ्लाइटरडार२४ने स्पष्ट केलं. विमानतळाजवळ राहणाऱ्या कुणाचा साधासा रिसीव्हर किती मोलाचा असतो, ते तेव्हा मला फार जाणवलं.

रिसीव्हरची मर्यादाही इथेच लक्षात घ्यायची. विमान जी जागा सांगेल तीच तो दाखवतो. जीपीएस जॅम झाला, म्हणजे त्याचा सिग्नल कुणी दाबून टाकला, तर एनआयसी हा विश्वासाचा आकडा शून्यावर येतो, तो डंप१०९० च्या नव्या आवृत्त्यांत बघता येतो. स्पूफिंग, म्हणजे कुणी खोटा जीपीएस सिग्नल पाठवत असेल, तर विमानच फसलेलं असतं आणि खोटी जागा खऱ्यासारखी पाठवतं. आणि यातलं काहीही 'का' ते सांगत नाही. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ एका जागी घिरट्या घालत असेल तर वजन कमी करायला इंधन जाळत असू शकतं, कारण त्यांना बोइंग ७७७ सारखं हवेत इंधन सोडता येत नाही. किंवा वैमानिक शांतपणे चेकलिस्ट पूर्ण करत असतील. नकाशावर दोन्ही सारखंच दिसतं.

तक्रारी म्हणाल तर माझा डोंगल चांगलाच तापतो, त्याला बंद डब्यात कोंबू नका. मोबाइल टॉवर जवळ असेल तर १०९० चा, म्हणजे बाकीचे सिग्नल अडवणारा, फिल्टर लावल्याशिवाय मजा नाही. लांब केबलही नको, या फ्रीक्वेन्सीला केबल सिग्नल फार खाते. रास्पबेरी पाय अँटेनाजवळ ठेवा आणि घरात नुसतं नेटवर्क आणा. रेडिओ संदेश पकडण्याबद्दल प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात, ते आधी बघून घ्या.

विमानांचे फक्त सुंदर फोटो काढायचे असतील तर ॲप पुरे, याची गरज नाही. पण बातम्यांवर वाद घालणाऱ्या प्रत्येकाने हा घ्यावाच, असं माझं स्पष्ट मत आहे. माहिती मोठ्या ट्रॅकिंग सेवांनाही पुरवा. फ्लाइटरडार२४ त्याबदल्यात आपली वरची सदस्यता मोफत देतं. आणि संदेशांची नोंद साठवण्याची सोय बसवल्या दिवसापासून चालू ठेवा, मेमरी कार्डवर न ठेवता वेगळ्या डिस्कवर, कारण सतत लिहून लिहून कार्ड लवकर जातं.