ग्रामीण रुग्णालयातून पुढे पाठवल्यावर: महिलांच्या संदर्भसेवेविषयी अभिप्राय

विदर्भातील आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून महिलांना जिल्ह्याच्या स्त्री रुग्णालयात, आणि गरज पडल्यास तेथून नागपूरला मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, पाठवण्याची जी शासकीय व्यवस्था आहे, तिच्याविषयी हा अभिप्राय आहे. बचत गटाच्या कामामुळे गटातील लेकीसुनांसोबत मी या वाटेने अनेकदा गेले आहे. गाडीचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला असला, तरी रुग्णासोबत तिची माहिती पाठवण्याचा प्रश्न जवळजवळ होता तसाच आहे, असे माझे मत झाले आहे.

गाडीबद्दल आधी चांगलेच लिहायला हवे. २०१४ साली राज्यात १०८ ची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली आणि आपल्याकडे या गाडीत डॉक्टर असतो, ही फार मोलाची सोय आहे. फोन पुण्याच्या नियंत्रण कक्षात लागतो, तेथून जवळची गाडी पाठवली जाते. गाडीतील डॉक्टर वाटेत रक्तदाब तपासतात, गरोदर बाईला डाव्या कुशीवर ठेवायला सांगतात आणि नातेवाइकांशी नीट बोलतात, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे बाळंतपण, सिझर, औषधे, रक्त आणि एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात नेणारी गाडी हे सर्व शासकीय व्यवस्थेत मोफत आहे. ज्या घरात पूर्वी अशा रात्री दागिना गहाण पडत असे, त्या घराला याची किंमत विचारावी.

मात्र बायका पुढे कधी आणि का पाठवल्या जातात, हे पाहिले की काळजी वाटते. ग्रामीण रुग्णालय तीस खाटांचे. तेथे सिझर करायचे तर स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्तसाठवणूक केंद्र या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हाताशी लागतात, आणि त्यांतील एक जरी नसली तरी बाईला पुढे न्यावेच लागते. म्हणून आमच्याकडे संध्याकाळनंतर आणि रविवारी पाठवल्या जाणाऱ्या बायका जास्त दिसतात. त्यांत पहिले सिझर झालेल्या, हिमोग्लोबिन सातच्या खाली असलेल्या आणि रक्तदाब वाढलेल्या अशाच अधिक असतात. अचानक झालेला रक्तस्राव कुणाला आधी कळत नाही, हे मान्य आहे. परंतु पहिले सिझर झालेले असणे ही काही रात्री अकरा वाजता उघडकीस येणारी गोष्ट नव्हे. दर महिन्याच्या ९ तारखेला, २०१६ पासून सुरू असलेल्या मातृत्व अभियानात, या बायकांची तपासणी होते आणि जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल स्टिकरही लावले जाते. स्टिकर लावताना प्रसूती कोणत्या रुग्णालयात करायची आणि किती दिवस आधी तेथे जाऊन राहायचे, हे घरच्यांसमोर ठरवून कार्डावर लिहिले, तर यांतील कितीतरी बायका दिवसाउजेडी, तब्येत बरी असतानाच पोहोचतील.

माझी सर्वांत मोठी तक्रार चिठ्ठीबद्दल आहे. गटातील एका सुनेला रक्तदाब १६०/११० झाल्यामुळे पुढे पाठवले, तेव्हा तिच्या हातातील अर्ध्या कागदावर नाव, वय आणि ‘पुढील उपचारांसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवत आहोत’ एवढेच होते. झटके येऊ नयेत म्हणून तिला मॅग्नेशियमचे इंजेक्शन दिले होते. पाठवण्यापूर्वी दोन्ही कुल्ल्यांत मिळून दहा ग्रॅमचा पहिला डोस द्यावा, अशी पद्धत आहे आणि ती पाळली गेली, हे निःसंशय चांगले झाले. पण किती दिले आणि किती वाजता दिले, याची कागदावर नोंद नव्हती. या औषधाचा डोस जास्त झाला तर श्वास मंदावतो, त्यामुळे पुढच्या डॉक्टरांना अंदाजाने चालता येत नाही. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, लघवी किती होते ते पाहिले आणि चिठ्ठीवर फोन नंबर नसल्यामुळे आशाताईंकरवी पहिल्या रुग्णालयातील सिस्टरना गाठले. आई आणि बाळ दोघेही सुखरूप आहेत. तरीही तो वेळ वाया जायला नको होता. याउलट आमच्याच भागातील एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टर पाठवण्यापूर्वी स्वतः फोन करतात आणि रक्तगट, हिमोग्लोबिन, दिलेली औषधे व वेळ स्वच्छ अक्षरांत लिहितात, त्यामुळे त्यांच्या रुग्णांना दारातच थांबून पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागत नाही.

गरोदर नसलेल्या बायकांना तर ही सेवा जवळजवळ विसरूनच जाते. तिशीनंतरच्या कर्करोग तपासणीत गर्भाशयमुखावर ॲसिटिक ॲसिड लावून पाहतात. काही संशयास्पद दिसले की दुर्बिणीच्या तपासणीसाठी जिल्ह्याला जाण्याची चिठ्ठी मिळते आणि बहुतेक वेळा बाई तेथून पुढे एकटी असते. २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट आहे, पण बुडालेली मजुरी कोण देणार? ओपीडीचा वार चुकला तर ती हात हलवत परत येते आणि पुन्हा जात नाही. अंग बाहेर येणे, महिनोन्महिने अंगावरून जाणे, छातीतील गाठ या तक्रारींचेही असेच होते. मग कुणीतरी खासगीत ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला देतो. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ साली राज्यभर चर्चा झाली, तेव्हा वेळेवर आणि विश्वासाचा दुसरा सल्ला मिळणे किती आवश्यक आहे, हे सर्वांनी ऐकले होते.

परतीच्या वाटेवरही हाच खंड आहे. मोठ्या रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड घरातल्या पिशवीत राहते आणि गावच्या सिस्टरला बाईला कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे तिच्याच तोंडून कळते. ही माहिती रुग्णासोबत नीट जाऊ-येऊ लागेपर्यंत आमच्या गटातील प्रत्येक घराला मी एवढेच सांगते की माता व बाल संरक्षण कार्डाच्या सर्व पानांचे आणि प्रत्येक रिपोर्टचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत, चिठ्ठी हातात घेतल्यावर तिच्यावर कारण, रक्तदाब, दिलेले इंजेक्शन, वेळ आणि पाठवणाऱ्याचा फोन नंबर आहे का ते वाचावे, आणि नसेल तर गाडी निघण्यापूर्वी नम्रपणे, पण ठामपणे लिहून मागावे.