घुमटाच्या आवाजावर कुठला फिल्टर? बायक्वाड, चेंबरलिन की टीपीटी

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) घुमट आरतीचं, म्हणजे घुमट या मातीच्या तालवाद्यावर म्हटलेल्या आरतीचं रेकॉर्डिंग नुसतं साफ करायचं असेल, म्हणजे खालची गुरगुर कापायची, कासाळ्याची (झांजेची) धार जरा कमी करायची, तर सरळ बायक्वाड (दुसऱ्या दर्जाचा साधा डिजिटल फिल्टर) घ्या, फॉर्म्युले तयार मिळतात, काम झालं.

पण गोव्यात आपल्यातले बरेच जण आता स्वतःचे प्लगिन आणि पेडल लिहायला लागलेत, आणि त्यांना हवा असतो वाजताना फिरणारा कटऑफ, म्हणजे जिथून फिल्टर कापायला लागतो ती फ्रिक्वेन्सी. घुमटवाला डाव्या हाताने मागचं तोंड उघडझाप करून आवाज वाकवतो ना, तसं. इथे डायरेक्ट फॉर्म बायक्वाड त्रास देतो कारण त्याच्या मेमरीत जुने सॅम्पल असतात, कोएफिशियंट (फिल्टरचे गुणक) झटकन बदलले की त्यांचा मेळ बसत नाही आणि टकटक ऐकू येते. शिवाय ४०-५० हर्ट्झला ३२ बिट फ्लोटमध्ये अचूकताही घसरते.

दुसरा पर्याय स्टेट व्हेरिएबल फिल्टर. त्यात दोन इंटिग्रेटर (येणारं सिग्नल साठवत बेरीज करणारे भाग) असतात, लो, बँड, हाय तिन्ही आउटपुट एकाच वेळी मिळतात आणि कटऑफ नि रेझोनन्स (कटऑफजवळचा उठाव) वेगवेगळे धरता येतात. त्यातला हॅल चेंबरलिनचा जुना प्रकार फारच हलका, एफ = २ साइन(π × कटऑफ ÷ सॅम्पल रेट), बाकी थोडे गुणाकार-बेरजा. अडचण वरच्या टोकाला. ४८ किलोहर्ट्झवर साधारण ८ किलोहर्ट्झच्या पुढे भरवसा नाही, आणि लोकांना वाटतं की रेझोनन्स वाढवला की हा फुटणार, पण स्थिर राहायची अट (क्यू म्हणजे रेझोनन्सचं माप) आहे एफ² + २एफ÷क्यू < ४, म्हणजे क्यू कमी केला तर कटऑफची मर्यादा उलट आणखी खाली येते! दुप्पट ओव्हरसॅम्पलिंग केलं (फिल्टर दुप्पट सॅम्पल रेटवर चालवला) की बरंच निभावतं. छोट्या फिक्स्ड पॉइंट (फक्त पूर्णांकांत हिशेब करणाऱ्या) चिपवर मी अजूनही हाच सुचवेन.

लॅपटॉपवर किंवा फ्लोटिंग पॉइंट असलेल्या बोर्डवर मात्र टीपीटी (टोपोलॉजी प्रिझर्व्हिंग ट्रान्सफॉर्म, स्टेट व्हेरिएबलचाच दुसरा प्रकार), दुसरं काही बघू नका. यात फीडबॅकमधला एका सॅम्पलचा उशीर टाळण्यासाठी समीकरण आधीच सोडवून घेतात, जी = टॅन(π × कटऑफ ÷ सॅम्पल रेट), के = १÷क्यू, आणि हाय = (इनपुट − (के+जी)×एस१ − एस२) ÷ (१ + जी×(जी+के)), इथे एस१, एस२ म्हणजे दोन इंटिग्रेटरमध्ये साठलेली मूल्यं. नायक्विस्टच्या (सॅम्पल रेटच्या निम्म्याच्या) खाली कुठेही कटऑफ न्या, स्थिर राहतो, जोरात फिरवला तरी आवाज गुळगुळीत. अगदी वरच्या टोकाला कर्व्ह दबतो खरा, पण ते बायलिनिअरने (अ‍ॅनालॉग फिल्टर डिजिटल करायच्या नेहमीच्या रीतीने) काढलेल्या बायक्वाडमध्येही तसंच होतं, त्यामुळे त्या कारणाने बायक्वाडकडे परत जाऊ नका. टॅन प्रत्येक सॅम्पलला महाग पडत असेल तर टेबल करून ठेवा.