पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील पाठ्यपुस्तकांचे दुकान

जूनच्या गर्दीतही येथे बालभारतीची पुस्तके छापील किमतीत, वह्या घेण्याची सक्ती न करता मिळतात. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी अनिवार्य केली, तेव्हा येथील दुकानदारांनी पालकांच्या गळ्यात घाईने हिंदीची पुस्तके मारली नाहीत. पुढे विरोधामुळे तो निर्णय २९ जूनला रद्द झाल्याचे जाहीर झाले. सहा वर्षांच्या मुलाने काय शिकावे हे दिल्लीत किंवा मंत्रालयात परस्पर ठरू नये, त्यात वर्गशिक्षकांचा शब्द असावा, असे माझे ठाम मत आहे. म्हणूनच शिक्षकांनी तयार केलेल्या परिसर अभ्यासाच्या पुस्तिकांसाठी येथे राखलेले स्वतंत्र फडताळ मला विशेष भावले. एका पुस्तिकेत मुळा-मुठेच्या संगमाचा सुबक नकाशा आहे. बिल हाताने लिहितात, त्यामुळे थोडे थांबावे लागते.